सर्व्हरवाल्या आत्या

फोन उचलल्यावर आत्या कधी ‘हॅलो’ म्हणाल्याचं मला आठवत नाही. त्या थेट विचारायच्या, “काय दिसतंय?”

पलीकडचा माणूस आधीच तापलेला असायचा. वेबसाइट उघडत नाही, मेल जात नाहीत, परदेशातलं गिऱ्हाईक खोळंबलंय. तो ओरडायचा, “आत्या, तुमचा सर्व्हर मेला!”

“मेला की जिवंत ते मी बघते. तुम्ही डॉक्टर होऊ नका, पेशंट व्हा. स्क्रीनवर काय दिसतंय ते वाचा.”

“काहीतरी इंग्लिशमध्ये आलंय.”

“मग ते काहीतरी वाचा. स्पेलिंग वाचा. मला घाई नाही.”

घाई त्यांना खरंच नसे. माणूस एकेक अक्षर वाचत जायचा आणि वाचता वाचता त्याचा पारा उतरायचा. पुष्कळदा मध्येच त्याच्या लक्षात यायचं की पत्ता टाइप करताना आपण एक टिंब खाल्लंय. मग तो ओशाळायचा. आत्या म्हणायच्या, “असू द्या, टिंबं राहतातच,” आणि फोन ठेवून पुन्हा वेणीतलं फूल नीट करायच्या.

मी लग्न होऊन भिवंडीत आले तेव्हा दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं. माहेर कल्याणचं, हाताशी कॉम्प्युटरचा डिप्लोमा आणि नोकरी नाही. सासऱ्यांनी कुठून तरी ऐकून आणलं की जवळच्या दापोडे गावात एक बाई ‘कॉम्प्युटरचं गोडाऊन’ चालवतात. रिक्षा करून गेले. दोन्ही बाजूंना कंटेनर, मध्ये चिखलाचा रस्ता. ज्या गोडाऊनपाशी उतरले तिथे टायरांचा उग्र वास होता, आणि टायरांच्या थप्प्यांमधून एक लोखंडी जिना वर माळ्यावर जात होता. वर काचेच्या खिडकीची एक खोली, चार कॉम्प्युटर, एक पोलादी कपाट, ट्रकच्या बॅटऱ्यांची रांग, आणि त्या सगळ्यात सुती साडी नेसलेल्या, पायात पुरुषी स्पोर्ट्स शूज घातलेल्या, अबोलीचा गजरा माळलेल्या आत्या.

माझी सर्टिफिकिटं त्यांनी हातातसुद्धा घेतली नाहीत. म्हणाल्या, “खिडकीतून खाली बघ. काय दिसतंय?”

मी बघितलं. “ट्रकमधून माल उतरवतायत.”

“हा झाला अंदाज. दिसतंय काय?”

मी पुन्हा बघितलं. ट्रक उभा होता, मागचं फाळकं उघडं होतं, दोन हमाल कडेला उभे होते आणि त्यांचे हात रिकामे होते. तसं मी सांगितलं.

“बघ. चढवत पण असतील. जेवायला पण थांबले असतील. किंवा भांडण झालं असेल.” मग त्या हसल्या. “उद्यापासून ये, बाय.”

आत्या मूळच्या दापोड्याच्याच. घरची शेती होती, खाडीकडेला मिठागर होतं असं त्या सांगायच्या. शेतांची गोडाऊनं झाली ती त्या मुंबईत असताना. बी.एस्सी. होऊन त्यांनी एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात बरीच वर्षं काढली, मग स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी आल्या. लग्न केलं नव्हतं. कुणी खोचून विचारलं तर म्हणायच्या, “राहून गेलं गो.” थोरल्या भावाने, ज्यांना सगळे दादाशेठ म्हणत, आपल्या गोडाऊनचा माळा बहिणीला दिला होता. भावाची मुलं आत्या म्हणायची, म्हणून हमाल आत्या म्हणायचे, म्हणून गिऱ्हाइकंही.

धंदा काय, हे त्या गावातल्या बायकांना असं समजवायच्या: “दादा गोडाऊन भाड्याने देतो ना? मी पण तेच देते. लोकांच्या वेबसाइटी आणि मेल ठेवायला जागा. माझं गोडाऊन फक्त अमेरिकेत हाय.” तेही खरंच होतं. सर्व्हर, म्हणजे ज्या मशीनवर हे सगळं साठवलेलं असतं ते, डॅलस शहरात एका कंपनीच्या इमारतीत भाड्याने घेतलेलं होतं. आम्ही दापोड्यात बसून इंटरनेटवरून ते सांभाळायचो. बिघाड शोधायचे, दुरुस्त्या करायच्या, रोजची नक्कल हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायची आणि ती डिस्क पोलादी कपाटात कुलपात ठेवायची.

आत्या डॅलसला कधी गेल्या नव्हत्या. पण भिंतीवर तिथली वेळ दाखवणारं घड्याळ होतं, आणि सकाळी आल्या आल्या त्या तिथलं हवामान बघायच्या. “आज गारा पडतायत गो तिकडे,” असं काळजीने सांगायच्या. आपली एखादी लेक तिकडे दिली असावी तसं. हवामान बघून झालं की फेरी. आमच्याकडच्या प्रत्येक वेबसाइटवर त्या रोज एकदा जाऊन यायच्या. त्याला त्या ‘घरोघरी जाणं’ म्हणत. कापडाच्या गाठींचे आणि धाग्याचे व्यापारी, ट्रान्सपोर्टवाले, एक दातांचा डॉक्टर, एक शाळा. कुणाच्या पानावरचा फोटो उघडत नसेल तर त्याला फोन. कुणाच्या ‘वेलकम’मध्ये एक अक्षर जास्त असेल तर त्यालाही फोन. दातांच्या डॉक्टरांना त्यांनी सांगितलं होतं, “तुमच्या साइटवरचा हसणारा माणूस बदला. त्याला बघून दात दुखायला लागतात.” डॉक्टरांनी बदलला.

आम्हाला एका गोष्टीची सक्त मनाई होती. काही बिघडलं की मशीन बंद करून चालू करायचं नाही. “रीस्टार्ट म्हणजे उपाय नाही. रडणाऱ्या पोराला थोबाडीत देऊन गप्प केल्यासारखं आहे. गप्प होतं, पण कुठे दुखत होतं ते कधी कळत नाही.” मग त्या चष्मा चढवून बसायच्या. सर्व्हर स्वतःच्या कारभाराची जी टिपणं लिहीत असतो ती ओळीने वाचायच्या आणि मध्येच “हां, इथे ठेच लागली,” असं म्हणायच्या.

आणि दुसरी सवय होती पाठ फिरवण्याची. गिऱ्हाईक समोर बसून आपला पासवर्ड टाइप करू लागलं की आत्या खुर्चीवरून उठायच्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. मान वळवणं त्यांना पुरेसं वाटत नसे. भिवंडीच्या निजामपुऱ्यातले एक लूमवाले, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना असलेले, शेठ एका बोटाने टाइप करायचे. त्यांचं होईपर्यंत आत्या कॅलेंडरवरची चतुर्थी-एकादशी वाचत उभ्या असायच्या, आणि त्यांच्याशेजारी मी.

“आपा, बघा की, माझा काय खजिना हाय त्यात?” शेठ म्हणायचे. ते आत्यांना आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणत.

“खजिना नसू दे. कडी तुमची आहे ना?”

मला ते तेव्हा थोडं नाटकी वाटायचं. सर्व्हरची सर्वांत वरची किल्ली आत्यांकडेच होती. मनात आणलं असतं तर त्या कुणाचाही मेल कधीही वाचू शकल्या असत्या. मग भिंतीकडे तोंड करण्याला काय अर्थ होता? अर्थ मला पुढे कळला.

त्याआधी वज्रेश्वरीची गोष्ट सांगायला हवी. एका सोमवारी आमच्या सगळ्याच गिऱ्हाइकांचे मेल परत यायला लागले. जगभरच्या मेल कंपन्यांनी आमचा सर्व्हर उपद्रवी म्हणून बाजूला काढला होता. बिल्डिंगमधल्या एका घरातून कचरा फेकला जावा आणि नाव अख्ख्या बिल्डिंगचं खराब व्हावं, तसं. आत्यांनी टिपणं वाचून घर शोधलं. वज्रेश्वरीला गरम पाण्याच्या कुंडांजवळ एक छोटं लॉज होतं, त्याची साइट. त्यावरच्या ‘आमच्याशी संपर्क साधा’ या फॉर्ममध्ये एक भोक होतं, आणि कुठल्या तरी देशातला कुणी तरी त्यातून जगभर जाहिराती पाठवत होता.

मी म्हटलं, “खातंच बंद करून टाकू.”

आत्यांनी फक्त तो फॉर्म बंद केला आणि चपला सरकवाव्यात तसे शूज पायात सरकवले. “चल. माणसाच्या घराला हात लावलाय, तर त्याला तोंडाने सांगून येऊ.”

एसटीने गेलो. लॉजचे मालक म्हातारे, खांद्यावर पंचा, पायरीवर बसून चादरींच्या घड्या घालत होते.

“काका, तुमच्या साइटवरून कुणीतरी मेल पाठवतंय,” आत्या म्हणाल्या.

“पाठवू दे की. त्यासाठीच तर काढली.”

“तसं नाही. तुमच्या नावाने जाहिराती जातायत. औषधांच्या.”

“कसली औषधं?”

आत्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वर कौलांकडे. “पुरुषांची.”

काका विचारात पडले. “आणि किती लोकांना गेली?”

“लाखांनी. अमेरिका, युरोप, सगळीकडे.”

“त्यात आपल्या लॉजचं नाव होतं?”

“होतं ना. तेच तर.”

काकांनी घडी मांडीवर ठेवली. “मंग बुकिंग एकबी कसं न्हाय आलं?”

आत्या इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. काका आधी बावचळले, मग तेही हसले. मग आत्यांनी त्यांच्या शेजारी बसून सगळं नीट समजावलं, भोक कुठे होतं, कसं बुजवणार, नवा फॉर्म कधी मिळणार. निघताना काकांनी आम्हाला पेरूंची पिशवी दिली. परतीच्या एसटीत मी म्हटलं, “फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं.” आत्या पेरू खात म्हणाल्या, “चाललं असतं. पण ते घाबरले असते. घाबरलेला माणूस पुढच्या वेळी काही बिघडलं तर लपवतो.” आठवड्याभरात आमचे मेल पुन्हा जायला लागले.

आता दादाशेठची गोष्ट.

दादाशेठ म्हणजे अंगाने आडवे, आवाजाने त्याहून मोठे, आणि बहिणीवर जीव. माळ्यावर आले की बॅटऱ्यांमध्ये पाणी घातलंय का ते स्वतः बघायचे. त्यांची थोरली मुलगी कॉलेजात शिकत होती. घरातल्या सगळ्यांचे मेल-पत्ते आत्यांनीच हौसेने काढून दिलेले, घराण्याच्या नावाच्या साइटवर. एका दुपारी दादाशेठ जिना चढून आले ते बॅटऱ्यांकडे न बघता. माझ्याकडेही बघितलं नाही.

“पोरीचे मेल मना दाव,” ते म्हणाले.

“दादा, बस. पानी पी.” घरातल्यांशी आत्या घरच्याच भाषेत बोलत.

“पानी नको मना. ती कोनाला तरी लिवते. रोज लिवते. तिची आई बोलते, पोर हसते न मंग रडते. तुझ्या मशिनीत हाय ना समदं?”

“हाय.”

“मंग दाव.”

“न्हाय दावनार.”

“तुना दिसत न्हाय का?”

“बघायला गेलं तं दिसंल. मी जात न्हाय.”

दादाशेठचा चेहरा लाल झाला. “मी बाप हाय तिचा!”

“तं तिला इचार. बाप हायस म्हनून इचारता येतं तुना. माझ्या मागच्या दारानं कशापायी जातंस?”

“गोडाऊन माझं हाय, कललं का?”

“गोडाऊन तुझं, दादा. पत्रं पोरीची.”

ते धाडधाड जिना उतरून गेले. मी आत्यांना म्हटलं, “एवढं कशाला? ‘ते दिसतच नाहीत, तशी सोय नाही’ असं म्हणायचं. त्यांना काय कळणार होतं?”

आत्यांनी मान हलवली. “आज खोटं बोलून सुटले असते. मग पोरीला वाटलं असतं, आत्याला वाचता येत नाही म्हणून वाचलं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर माळ्याच्या दाराला नवं कुलूप. खालचा हमाल नजर चुकवत म्हणाला, “शेठ बोलले, कोनाला सोडायचं न्हाय.” दादाशेठची समजूत अशी की पोरीची पत्रं त्या खोलीतल्या कॉम्प्युटरांत आहेत. नंतर कळलं की त्यांनी भिवंडीतून एक कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आणून मशीनं खोलायला लावली होती, आणि तो बिचारा दिवसभर त्यात काही नाही म्हणून सांगत होता.

आत्यांनी कुलूप एकदा ओढून बघितलं. मग रिक्षाने आम्ही भिवंडीतल्या एका सायबर कॅफेत गेलो. तिथे बसून त्यांनी पहिल्यांदा सर्व्हरच्या किल्ल्या बदलल्या, म्हणजे गोडाऊनमधल्या कुठल्याच मशीनवरून आत शिरता येऊ नये. ते काम अगदी शांतपणे केलं. उठताना मात्र “माझा दादा हाय गो तो,” एवढंच म्हणाल्या.

निजामपुऱ्यातल्या त्या एका बोटाने टाइप करणाऱ्या शेठना कुणीतरी सांगितलं असावं. दुपारी त्यांचा फोन आला. “आपा, जागा नाय असं बोलू नका. माझ्या कारखान्यावर माळा रिकामा हाय. फक्त आवाज सहन करायला लागेल.”

आवाज म्हणजे काय ते खाली लूम चालू असलेल्या माळ्यावर राहिल्याशिवाय कळत नाही. जमीन थरथरते, चहाच्या कपात गोल गोल लाटा उठतात, शेजारी बसलेल्या माणसाला हाताने खुणा कराव्या लागतात. तिथे एक कॉम्प्युटर मांडून आम्ही जेमतेम स्थिरावत होतो आणि एका सकाळी सर्व्हर बंद पडला. सगळ्यांच्या साइटी, सगळ्यांचे मेल, सगळं एकदम.

डॅलसच्या कंपनीचं लेखी उत्तर आलं: डिस्क गेलेली दिसते, नवी बसवून सगळं कोरं करून देतो, तुमची नक्कल तुम्ही परत चढवा.

नक्कल दापोड्याच्या पोलादी कपाटात होती. कुलपामागे.

मी आत्यांच्या कानाशी ओरडले, “दादाशेठना फोन करा! सगळ्यांचं काम जाईल!”

त्या माझ्या कानाशी ओरडल्या, “केला तर किल्लीच्या बदल्यात काय मागंल तो?”

 त्यांनी डॅलसला फोन लावला. तिथे रात्र झाली होती, ड्युटीवर एक तरुण तंत्रज्ञ होता. त्याला काही ऐकू येईना.

“मॅडम, तुमच्याकडे वादळ आलंय का?” त्याने इंग्रजीत विचारलं.

“नो! दिस इज कापड! क्लॉथ!” आत्या ओरडल्या.

“व्हॉट?”

शेठ जिन्यात उभे राहून हे बघत होते. ते काही न बोलता खाली गेले. मग एकेक करून लूम थांबायला लागले. आधी दाराजवळची रांग, मग मधली, मग भिंतीकडची. भिवंडीत लूम थांबतात ते लाइट गेली की. इथे तर पंखे फिरत होते. कारागीर वर बघत राहिले.

त्या शांततेत आत्यांचा आवाज एकदम मोठा वाटला. त्यांनी तो खाली आणला. “डिस्क गेली हे मला सांगू नका. तुमच्यासमोरच्या स्क्रीनवर काय दिसतंय ते वाचा. अगदी वरच्या ओळीपासून.”

तो वाचायला लागला. कंटाळत, भराभर. “हळू,” आत्या म्हणाल्या. तो हळू झाला. शेवटच्या ओळीवर आला आणि थांबला. मशीन मेलेलं नव्हतं. अचानक बंद पडल्यामुळे त्याच्या आतली मांडणी विस्कटली होती, आणि ती दुरुस्त करायला ते मालकाचा पासवर्ड मागत थांबलं होतं. पासवर्ड मिळेपर्यंत ते तसंच थांबणार होतं, आणि हा मुलगा ते पुसायला निघाला होता.

“आय सी,” तो म्हणाला. त्याचा आवाजच बदलला. “मॅडम, मग मला तो पासवर्ड सांगावा लागेल.”

आत्यांनी फोनवर हात ठेवला. अख्ख्या सर्व्हरची किल्ली, आणि ती एका अनोळखी माणसाला फोनवरून.  मग म्हणाल्या, “सगळे बाहेर जा. तू पण.”

आम्ही गेलो. कारागीर, शेठ, मी, सगळे गल्लीत उभे. शेठनी चहा सांगितला. शेजारच्या कारखान्यातला एकजण डोकावला, “क्या हुआ? लाइट गयी क्या?”

“नहीं,” एक कारागीर म्हणाला, “आपा बात कर रही हैं.”

चहा संपला तरी आत्या आल्या नाहीत. मग जिन्यात त्यांचे शूज दिसले, मागोमाग त्या. चेहरा घामाने डबडबलेला, गजरा एका कानावर आलेला. शेठना म्हणाल्या, “चालू करा. मशीन उठतंय.”

दुपारपर्यंत सगळ्या साइटी उघडायला लागल्या. एकही मेल हरवला नव्हता. आत्यांनी सर्वांत आधी पासवर्ड बदलला, मग घरोघरी जाऊन आल्या, आणि मग शेठच्या हातावर हात ठेवून, “तुमचं आजचं कापड कमी पडलं,” असं म्हणाल्या. शेठ म्हणाले, “कापड उद्या पण निघेल, आपा.”

दादाशेठ आले ते काही आठवड्यांनी. निजामपुऱ्याच्या त्या अरुंद जिन्यातून चढताना त्यांना धाप लागली होती. खाली लूम धडधडत होते, म्हणून ते अगदी आत्यांच्या जवळ स्टूल ओढून बसले. मी उठायला लागले तर आत्यांनी खुणेनेच बसवलं.

“पोरगी माझ्यासमोर येऊन बसली,” ते म्हणाले. “बोलली, माझ्यापायी आत्याला बाहेर काढलंत, तं आता ऐका. समदं सांगितलं तिनं.”

आत्यांनी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो बाजूला ठेवला.

“तुना माहीत व्हतं?”

“न्हाय.”

“खरंच वाचलं न्हवतंस?”

“न्हाय, दादा.”

“मंग माहीत नसता येवढं भांडलीस कशापायी?”

“माहीत न्हवतं म्हनूनच.”

दादाशेठनी दापोड्याच्या कुलपाची किल्ली टेबलावर ठेवली. आत्यांनी ती घेतली, पण आम्ही दापोड्याला परत गेलो नाही. सामान तेवढं आणलं. आत्या म्हणाल्या, आता आवाजाची सवय झाली. पोरीने काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही, मी विचारलंही नाही. वर्षभराने ती पुढच्या शिक्षणासाठी बंगळूरला गेली आणि तिला एसटी स्टँडवर सोडायला दादाशेठ स्वतः गेले, एवढं आत्यांकडून ऐकलं.

पुढे मोठ्या कंपन्या आल्या. आमच्यासारख्यांची गरज कमी कमी होत गेली. दशक संपता संपता आत्यांनी धंदा गुंडाळला, तोही त्यांच्या पद्धतीने. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी जागा बघून दिली, सामान नीट हललं का ते तपासलं, आणि नंतरही कितीतरी दिवस त्या साइटींवर चक्कर मारून येत राहिल्या. मी नवऱ्याच्या बदलीने पुण्याला आले. नोकरीत जे काही कमावलं ते त्या माळ्यांवर शिकलेल्यावर. माझ्या हाताखाली पुष्कळ हुशार मुलं आली. मशीन समजणारी भरपूर होती. फोनवरच्या घाबरलेल्या माणसाला धीर देऊन त्याच्याकडूनच बिघाड वदवून घेणारं मला आत्यांनंतर कुणी दिसलं नाही.

आत्या गेल्या त्या थोड्याशा आजाराने, झोपेत. मी दिवसकार्याला जाऊन आले. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी दादाशेठचा फोन आला, एकदा दापोड्याला येऊन जा म्हणून.

गेले. ते खूप वाळले होते. मुलगी आली होती, तिने चहा केला. घराण्याची ती साइट आता तिच्याच नावावर होती, दुसऱ्या कंपनीकडे.

“आत्याच्या मेलवर लोक अजून लिवतात,” दादाशेठ म्हणाले. “उत्तर जात न्हाय. बरं दिसत न्हाय ते. बंद करायचाय. पोरीला बोललो तं ती रडते.”

मुलीने साइटवरच्या खात्यांची यादी उघडून दिलेला लॅपटॉप मी पुढे ओढला. “आधी उघडून बघायचं का? काही महत्त्वाचं असेल आत.”

“न्हाय.” ते एकदम ताठ झाले. “उघडायचा न्हाय. न उघडता बंद करता येतो ना?”

“येतो.”

मी आत्यांच्या नावापर्यंत आले. त्यावर खूण केली. खाली विचारणा आली, कायमचं काढून टाकायचं का?

दादाशेठ स्क्रीनकडे बघत होते. “त्यात माझाबी एक हाय,” ते म्हणाले. “मना मेल लिवायला तिनंच शिकवलं, मागाहून. त्या कुलपाबद्दल तोंडानं कधी बोलायला जमलं न्हाय, तं लिवला. ती आजारी पडली त्याच आठवड्यात. वाचला का न्हाय, ठावं न्हाय.”

मुलगी दारात थांबली.

“तेवढं बघता येईल,” मी म्हटलं. “मजकूर न उघडता. वाचलेला आहे की नाही, एवढंच दिसेल.”

 दादाशेठनी हात माझ्या हाताच्या बाजूला, टेबलावर ठेवला.

“नको. तिचं हाय ते,” ते म्हणाले. “कर तू बंद.”